एक गोळी दार उघडते, दुसरी बंद करते. मग बाबांना चक्कर कशामुळे?

वाचकांचं पत्र, थोडक्यात

वडील ७१ वर्षांचे. आईबरोबर तालुक्याच्या गावी राहतात. पत्र लिहिणारी मुलगी पुण्यात. दोन वर्षांपूर्वी वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. तरीही चालताना अधूनमधून छाती भरून येते म्हणून निकोरँडिल १० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू होतं. गेल्या पावसाळ्यात एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर सापडली. तेव्हापासून अमिओडॅरोन २०० रोज एक. शिवाय नाडी मंदावणारं मेटोप्रोलॉल २५, बीपीचं टेल्मिसार्टन ४०, रक्त पातळ ठेवणारं अपिक्साबॅन आणि कोलेस्टेरॉलची गोळी. महिनाभरापासून सकाळी त्यांना चक्कर येते. आईच्या वहीत बीपी १०४/६२ आणि नाडी ५२ अशी नोंद आहे. कॅनडातल्या भावाने वाचून सांगितलं की निकोरँडिल पोटॅशियम चॅनल उघडतं आणि अमिओडॅरोन बंद करतं, म्हणजे दोन्ही गोळ्या एकमेकींचा परिणाम पुसतात. म्हणून घरच्यांनी चार दिवसांपूर्वी निकोरँडिल थांबवलं. औषधं पोटॅशियमची म्हणून केळं आणि शहाळंही बंद केलं. चक्कर थोडी कमी झाली, पण आता जिना चढताना छाती भरते. पत्राच्या शेवटी असंही लिहिलंय की खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स दिला, तो काल संपला. ॲसिडिटीसाठी दिलेली डीएसआर कॅप्सूल अजून चालू आहे. मध्ये दोन दिवस जुलाब झाले. हृदयरोगतज्ज्ञांची पुढची तारीख पाच आठवड्यांनी आहे. प्रश्न असा: कायमचं बंद काय करावं, निकोरँडिल की अमिओडॅरोन?

उत्तर

ताई, बाकीचं वाचण्याआधी एक काम करा. आज, आत्ताच, हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावा. पाच आठवडे थांबू नका. फोनवर एवढंच सांगा: "बाबांचं निकोरँडिल आम्ही चार दिवसांपूर्वी स्वतःहून बंद केलं. त्यानंतर जिना चढताना छाती भरतेय. आता कितीच्या डोसने सुरू करायचं? अमिओडॅरोन चालू असताना ॲझिथ्रोमायसिन झालंय, डीएसआर चालू आहे, दोन दिवस जुलाब झालेत. ईसीजी आणि रक्त तपासायला आज कुठे जाऊ?" डॉक्टर फोनवर आले नाहीत तर हेच वाक्य त्यांच्या सहायकाला सांगा आणि बाबांना जवळच्या, ईसीजीची सोय असलेल्या दवाखान्यात आजच न्या.

तोवर बाबांनी जिना चढू नये. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला दिलेली असेल तर छाती भरल्यावर ती बसूनच घ्यायची, उभ्याने नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही, बसल्याजागी दुखायला लागलं, घाम सुटला किंवा एकदम शुद्ध हरपली, तर घरात खल न करता १०८ ला फोन.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. भावाने वाचलं ते खोटं नाही. निकोरँडिल पोटॅशियम चॅनल उघडतं, अमिओडॅरोन पोटॅशियम चॅनल अडवतं, दोन्ही खरं. फक्त ते चॅनल एक नव्हे. शरीरात पोटॅशियम चॅनलचे कितीतरी प्रकार आहेत आणि प्रत्येकाची जागा आणि काम वेगळं. घरात पाण्याचा नळ आणि गॅसचा कॉक दोन्ही फिरवूनच उघडतात; म्हणून नळ उघडल्याने गॅस बंद होत नाही.

निकोरँडिल ज्या चॅनलला हात घालतं, त्याला केएटीपी म्हणतात. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशींवर असतो. पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा तिसेक पट जास्त असतं, त्यामुळे चॅनल उघडला की ते बाहेर पडतं. धन भार बाहेर गेल्याने पेशीची आतली बाजू आणखी ऋण होते आणि त्या स्थितीत कॅल्शियम आत येण्याची वाट बंद राहते. कॅल्शियम नाही तर स्नायू आवळत नाही. वाहिनी सैल पडते, रुंद होते, बीपी उतरतं. निकोरँडिलच्या रेणूत याच्या जोडीला नायट्रेटचाही भाग आहे, म्हणजे सॉर्बिट्रेटच्या जातीचा. त्यामुळे शिराही सैल होतात आणि हृदयाकडे परत येणाऱ्या रक्ताचा भार कमी होतो. छातीचं दुखणं या दोन्हींमुळे थांबतं. हे औषध जपानमधून आलं. ब्रिटनमधल्या ५,१२६ रुग्णांवरच्या आयोना या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा छातीदुखीमुळे अचानक भरती व्हावं लागणं, यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण निकोरँडिल घेणाऱ्यांत १३.१ टक्के होतं आणि न घेणाऱ्यांत १५.५ टक्के. फरक अफाट नाही, पण बाबांसारख्या रुग्णाला ही गोळी देण्यामागे विचार आहे एवढं त्यातून कळतं.

बीपी उतरलं की मानेतल्या धमन्यांमधले दाब ओळखणारे मज्जातंतू मेंदूला खबर देतात आणि ठोके वाढतात. म्हणून पोटॅशियम चॅनल उघडणाऱ्या औषधांनी बीपी खाली जातं आणि नाडी थोडी वर जाते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमिओडॅरोनची गोष्ट वेगळी. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं आणि ती तयारी पोटॅशियम बाहेर सोडून होते. अमिओडॅरोन मुख्यतः या कामाचा चॅनल अडवतं. तयारीला वेळ जास्त लागतो, त्यामुळे मध्येच घुसणाऱ्या भरकटलेल्या विद्युतलहरीला स्नायू प्रतिसाद देत नाही आणि बेताल थरथर आटोक्यात येते. अमिओडॅरोन एवढ्यावर थांबत नाही. सोडियम आणि कॅल्शियमचे चॅनलही थोडे अडवतं आणि ॲड्रिनॅलिनचा जोरही कमी करतं. म्हणून नाडी मंदावते. गोळीच्या रूपात बीपीवर त्याचा परिणाम किरकोळ असतो. शिरेतून भरभर दिलं तर मात्र बीपी चांगलंच उतरू शकतं. आणि गंमत म्हणजे हे औषध १९६१ साली बेल्जियममध्ये तयार झालं तेव्हा ते छातीदुखीवरचं म्हणूनच. म्हणजे तुमच्या घरात ज्या दोन गोळ्या एकमेकींच्या वैरी ठरल्या, त्या मुळात एकाच दुखण्यासाठी जन्मलेल्या.

हृदयाच्या स्नायूतही केएटीपी चॅनल असतात, हे भाऊ पुढे शोधून काढेलच. पण नेहमीच्या डोसमध्ये निकोरँडिलचा परिणाम रक्तवाहिन्यांवर दिसतो, ईसीजीवर नाही.

मग चक्कर कशामुळे? आईंच्या वहीकडे पुन्हा बघू. तुम्ही फोटो पाठवलात ते बरं केलं. सकाळची प्रत्येक नोंद ८.४० च्या आसपासची आहे आणि गोळ्या ८ वाजता. सहाच्या सहा गोळ्या, उपाशीपोटी, चहाबरोबर. निकोरँडिल घेतल्यापासून अर्ध्या ते एका तासात रक्तात सगळ्यात जास्त असतं. १०४/६२ हा आकडा बाबांच्या दिवसातला तळ आहे. त्याच वहीत संध्याकाळी ६ वाजता, दुसऱ्या डोसच्या आधी, १२६/७४ लिहिलंय. तळ मोजून त्यालाच सरासरी समजलं की घरचे घाबरतात आणि गोळी बंद होते.

दुसरी गोष्ट नाडीची. निकोरँडिलने नाडी ५२ होत नाही. झालीच तर थोडी वाढते. ती मंदावलीय अमिओडॅरोन आणि मेटोप्रोलॉल यांच्या जोडीने. ही जोडी अनेकदा मुद्दाम दिली जाते, पण यकृतातल्या ज्या एन्झाइममुळे मेटोप्रोलॉलचा निचरा होतो, ते एन्झाइम अमिओडॅरोन मंद करतं. म्हणजे कागदावर मेटोप्रोलॉल २५ असलं तरी शरीरात ते अधिक डोसासारखं वागू शकतं. आणि हे महिना-दोन महिन्यांत हळूहळू वाढत जातं, कारण अमिओडॅरोन चरबीत आणि अवयवांत साठत राहतं.

आता दोन्ही जोडून बघा. सकाळी निकोरँडिल आणि टेल्मिसार्टन मिळून बीपी खाली आणतात. एरवी अशा वेळी ठोके वाढून तोल सांभाळला जातो. पण ठोके वाढू द्यायचेच नाहीत, हे काम अमिओडॅरोन आणि मेटोप्रोलॉल चोख करतायत. बाबा चहा पिऊन उठतात, रक्त पायांकडे उतरतं, नाडी ५२ वरून हलत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. भावाचं म्हणणं होतं की या गोळ्या एकमेकींना खोडतात. चक्करेच्या बाबतीत त्या उलट एकमेकींना जोर देतायत.

म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न बदलतो. "निकोरँडिल बंद करू का?" असं विचारण्यापेक्षा हे विचारा: टेल्मिसार्टन रात्री देऊ का? सकाळच्या गोळ्या नाश्त्यानंतर, थोड्या अंतराने दिल्या तर चालेल का? अमिओडॅरोन चालू असताना मेटोप्रोलॉलची एवढी गरज आहे का? निकोरँडिल ५ वर आणावं का? यांतला एखादाच बदल पुरेसा ठरू शकतो, आणि तो कोणता हे वहीवरून त्यांना ठरवता येईल. बदल एका वेळी एकच करायला सांगा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कुणालाच कळत नाही. आणि यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय करू नका, टेल्मिसार्टनची वेळ बदलणंसुद्धा.

त्यासाठी वही अशी ठेवायला आईंना सांगा. सकाळी गोळ्यांच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, पाठीला टेकून पाच मिनिटं शांत बसल्यावर मोजायचं. दंड हृदयाच्या पातळीवर, बोलायचं नाही. मग गोळ्यांनंतर तासाभराने पुन्हा. या दुसऱ्या वेळी पाच मिनिटं आडवं ठेवून एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने एकदा आणि तीन मिनिटांनी एकदा. बाजूला कुणीतरी हात धरायला हवं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर उभं राहण्याची आहे हे सिद्ध झालं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये घरचं यंत्र दर वेळी वेगळा आकडा दाखवतं, म्हणून मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी लिहा. आणि नाडी यंत्रावरची मानू नका. मनगटावर तीन बोटं ठेवून, घड्याळात बघून पूर्ण ६० सेकंद मोजा. बेताल ठोक्यांमध्ये १५ सेकंद मोजून चारने गुणलं की हिशेब हमखास चुकतो. आठवडाभराची अशी पानं डॉक्टरांच्या हातात दिलीत तर त्यांना पाच मिनिटांत जे कळेल, ते "बीपी लो आहे" या वाक्यातून कळत नाही. नाडी ५० च्या खाली राहिली आणि सोबत चक्कर, धाप किंवा गळून जाणं असेल तर आठवडा पूर्ण व्हायची वाट बघू नका.

"मग अमिओडॅरोन बंद केलं तर?" या प्रश्नात एक गृहीत लपलेलं आहे, की गोळी थांबवली की तिचा परिणाम थांबतो. निकोरँडिलच्या बाबतीत ते जवळजवळ खरं आहे. त्याचा अर्धा भाग साधारण तासाभरात शरीरातून जातो, म्हणून चार दिवसांत छाती पुन्हा भरायला लागली. अमिओडॅरोनचं अर्धायुष्य सरासरी ५० दिवसांच्या आसपास आहे, काहींत १०० दिवसांपर्यंत. आज बंद केलं तरी पुढच्या महिन्यात बाबांच्या अंगात भरपूर अमिओडॅरोन असेल. नाडी उद्या वाढणार नाही, आणि काही आठवड्यांनी थरथर परत आली तर ती कशामुळे आली हे घरात कुणाच्या लक्षातही राहिलेलं नसेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी सुरुवातीला घाई केली, तिथे येते. पत्रात तुम्ही तिला शेवटच्या दोन ओळी दिल्यात. माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी तिथे आहे.

ठोक्यानंतरच्या तयारीचा जो पोटॅशियम चॅनल अमिओडॅरोन अडवतं, त्याची आतली पोकळी इतर चॅनलच्या मानाने मोठी आहे. त्यामुळे हृदयाशी काडीचा संबंध नसलेली कितीतरी औषधं तिथे जाऊन अडकतात. ॲझिथ्रोमायसिन त्यांतलं एक. डीएसआर कॅप्सूलमधला 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन, तेही त्यांतलं. एकाच चॅनलला तीन औषधांनी धरलं की ईसीजीवर क्यूटी नावाचं अंतर लांबतं. फार लांबलं तर हृदयाच्या खालच्या कप्प्यात एक विशिष्ट, घातक बेताल सुरू होऊ शकतो. त्याची पहिली खूण बहुतेकदा अचानक शुद्ध हरपणं हीच असते. पुरुषांत दुरुस्त क्यूटी (म्हणजे नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेला) ४५० मिलिसेकंदांपर्यंत ठीक धरतात, ५०० च्या पुढे धोका स्पष्ट वाढतो. अमिओडॅरोन घेणाऱ्याचा क्यूटी थोडा लांबलेला असणारच. रिपोर्टवर यंत्राने तसं छापलं म्हणून घाबरू नका. एकट्या अमिओडॅरोनने हा घातक बेताल तुलनेने क्वचित होतो. पण मंद नाडी, जुलाब आणि आणखी दोन औषधं सोबत आली की गणित बदलतं. ॲझिथ्रोमायसिनचा कोर्स काल संपला तरी ते पुढचे काही दिवस शरीरात राहतं, म्हणून ईसीजी आजच हवा.

आणि इथे पोटॅशियम खरोखर मधे येतं, तुम्ही समजलात त्याच्या उलट्या बाजूने. "पोटॅशियम चॅनलची औषधं" म्हणजे पोटॅशियमची औषधं नव्हेत. ती रक्तात पोटॅशियम ओतत नाहीत. पण रक्तातलं पोटॅशियम कमी झालं की हा चॅनल आधीच दुबळा होतो आणि औषधांची पकड त्याच्यावर जास्त घट्ट बसते. जुलाबात पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही जातात. अशा वेळी घरच्यांनी केळं आणि शहाळंही बंद केलं. दुसरीकडे टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवतं, मूत्रपिंड थकलेलं असेल तर आणखीच. म्हणजे बाबांचं पोटॅशियम आत्ता कमी आहे की जास्त, हे घरी बसून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणूनच रक्त तपासायला सांगतेय: सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पोटॅशियम ३.५ ते ५ मध्ये असतं तेव्हा सामान्य म्हणतात. क्यूटी लांबवणारं औषध चालू असताना डॉक्टर ते ४ च्या वर ठेवायला बघतात. रिपोर्ट येईपर्यंत शहाळ्यांचा मारा करू नका. साधं जेवण, ताक, जुलाब चालू असतील तर ओआरएस.

डीएसआरबद्दल आजच्या फोनवर नावानिशी विचारा. ॲसिडिटीचंच औषध हवं असेल तर डॉम्पेरिडोन नसलेला पर्याय मिळतो. गावातल्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर खोकला होता, अमिओडॅरोनची चिठ्ठी शहरातल्या फाइलमध्ये. तुम्ही एक करा. एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा: "मी अमिओडॅरोन घेतो. क्यूटी वाढवणारं औषध देण्याआधी बघा." खाली सगळ्या गोळ्या, डोस आणि वेळ. ते बाबांच्या पाकिटात राहू द्या, आणि मेडिकलवाल्यालाही दाखवायला सांगा. लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, उलटीवरचं ओन्डॅनसेट्रॉन, काही मानसिक आजारांवरची औषधं ही याच यादीत येतात. यांतलं कुठलंही कधीच घ्यायचं नाही असं नाही. देणाऱ्याला माहीत असायला हवं.

निकोरँडिलचं स्वतःचं एक वैर आहे, आणि ते अमिओडॅरोनशी नाही. सिल्डेनाफिल, टॅडालाफिल या गोळ्यांबरोबर ते चालत नाही. बीपी धोकादायक पातळीला कोसळू शकतं. ही औषधं लोक लैंगिक दुर्बलतेवरची म्हणूनच ओळखतात, पण टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम प्रोस्टेटसाठीही रोज दिलं जातं, कधी टॅमसुलोसिन या प्रोस्टेटच्याच औषधाबरोबर एकाच गोळीत. सत्तरीच्या घरातल्या पुरुषाला लघवीसाठी कुणीतरी ती लिहून देतं आणि निकोरँडिलचं सांगायचं राहून जातं. नुसतं टॅमसुलोसिनही उभं राहिल्यावर बीपी पाडतं. बाबांना हे मोकळेपणाने विचारायला मुलगी म्हणून तुम्हाला अवघड वाटेल. आईंना किंवा डॉक्टरांना विचारायला सांगा, पण विचारलं गेलं पाहिजे.

डॉक्टरांनी निकोरँडिल पुन्हा सुरू केलं तर पहिले काही दिवस डोकं दुखू शकतं, चेहरा गरम वाटू शकतो. खंड पडल्यावर शरीर ते पुन्हा नव्याने शिकतं. म्हणून बरेचदा ५ मिलिग्रॅमपासून चढवतात. पहिल्याच दिवशी डोकं दुखलं म्हणून टाकून देऊ नका. तोंडात वेदना देणारे, आठवडे उलटूनही न भरणारे व्रण आले, किंवा गुदद्वाराशी जखम झाली, तर मात्र लगेच कळवा. "तोंड आलंय" म्हणून लोक बी-कॉम्प्लेक्स खात राहतात. निकोरँडिलमुळे झालेले व्रण गोळी थांबवल्याशिवाय भरत नाहीत, आणि ती थांबवायची झाली तर छातीदुखीसाठी दुसरी सोय डॉक्टरांनीच लावायला हवी.

अमिओडॅरोनच्या तपासण्या राहिल्यात का, तेही बघा. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. माणसाची दिवसाची गरज ०.१५ मिलिग्रॅम. त्यामुळे थायरॉइड दोन्हीकडे बिघडू शकतं. बाबांच्या बाबतीत याला आणखी महत्त्व आहे, कारण थायरॉइड मंदावलं की नाडीही मंदावते आणि थकवा येतो. ५२ चं एक कारण तिथेही असू शकतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची, आणि यकृताची तपासणी दर सहा महिन्यांनी हवी. कोरडा खोकला आणि धाप रेंगाळली तर छातीचा एक्स-रे हवाच, कारण अमिओडॅरोन फुप्फुसालाही त्रास देऊ शकतं. हे मी विशेष करून लिहितेय, कारण बाबांना अँटिबायोटिक दिलं गेलं ते खोकल्यासाठीच. कोर्स संपूनही खोकला गेला नसेल तर हृदयरोगतज्ज्ञांना तेही सांगा. उन्हात बाहेर पडताना टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. या गोळीवर त्वचा पटकन भाजते.

या सदराकडे याच जातीची आणखी पत्रं येतात, केसांसाठी मिनॉक्सिडिलची गोळी घेणाऱ्या तरुण मुला-मुलींची: छाती धडधडते, घोट्याला सूज आली. त्यांच्यासाठी दोन शब्द. मिनॉक्सिडिलही केएटीपी चॅनलच उघडतं. अमेरिकेत १९७९ साली त्याला मान्यता मिळाली ती इतर औषधांना दाद न देणाऱ्या बीपीसाठी, दिवसाला साधारण १० ते ४० मिलिग्रॅम. तेव्हाही ते एकटं देत नसत: वाढणारी नाडी रोखायला बीटा ब्लॉकर आणि अंगात साचणारं पाणी काढायला लघवीची गोळी सोबत असे. केस वाढणं हा तेव्हाचा दुष्परिणाम. केसांसाठी डोस फार लहान असतो, पाव ते ५ मिलिग्रॅम, आणि बहुतेकांना तो झेपतो. पण १० ची गोळी आणून अंदाजाने तुकडे करणं, बीपी आणि ईसीजी न बघता सुरू करणं, ओळखीच्याच्या सांगण्यावरून डोस वाढवणं, यात धडधड ओढवून घेतली जाते. आठवड्यात दीड-दोन किलो वजन वाढलं, घोटे सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि डोक्याला लावायचं ५ टक्क्यांचं लोशन लहान मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल असतं. पोटात गेलं तर बीपी कोसळायला तेवढं पुरे.

ताई, एक राहिलं. बाबांना मधुमेह असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, तर गोळ्यांच्या यादीत त्याचं औषधही लिहा. उघडणारं आणि बंद करणारं औषध खरोखर एकाच कुळातल्या चॅनलवर येतं ते इथे: ग्लिबेनक्लामाइडसारख्या साखरेच्या गोळ्या केएटीपी चॅनल बंद करून स्वादुपिंडातून इन्सुलिन सोडवतात. ग्लिक्लाझाइड बरंचसं स्वादुपिंडापुरतं राहतं; ग्लिबेनक्लामाइड हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या चॅनललाही धरतं. भावाची शंका तिथे लागू पडते, आणि डॉक्टरांना ती जरूर विचारावी.

शेवटी गोळ्यांच्या डबीबद्दल. आई आठवड्याच्या सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून प्लॅस्टिकच्या सात खणांत भरून ठेवतात, असं तुम्ही लिहिलंय. बाकीच्या गोळ्यांचं मेडिकलवाल्याला विचारून ठरवा, पण निकोरँडिल तसं ठेवू नका. दमट हवेत ते खराब होतं आणि त्याचा जोर जातो. ते पट्टीतच राहू द्या, घ्यायच्या वेळी फोडा, आणि पट्टी न्हाणीघराजवळच्या किंवा ओट्यावरच्या फडताळात न ठेवता कोरड्या कपाटात ठेवा. डबीच्या त्या खणात आठवण म्हणून "पट्टीतली गोळी" असं लिहिलेली कागदाची चिठ्ठी टाकून ठेवा.